वाघजाईला न घातलेले पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर उजाडले, तेव्हा रौद्रगडाचे कडे अजून काळोखातच होते. कोण्या युगात पृथ्वीच्या पोटातला रस उकळून वर आला, थरावर थर साचत निवला आणि त्याचेच हे काळेकभिन्न डोंगर झाले. दोन थरांच्या मध्ये भाजल्या विटेसारखी तांबडी माती, आणि त्या साऱ्या थरांना माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभी चिरत गेलेली एक अरुंद घळ. तिला वाघजाईची नाळ म्हणत. सारा हिवाळा गडाला वेढा घालून बसलेल्या बादशाही फौजेला जी वाट सापडली नव्हती, ती हीच.

त्या नाळेच्या तोंडाशी सुभानजी ढमाले उभा होता, आणि त्याच्या कमरेला दोर होता.

गडावरचे धान्य सरत आले म्हणून किल्लेदारांनी सुभानजीला आणि त्याच्या धाकट्या भावाला, जावजीला, कोकणात भात आणायला धाडले होते. परतताना दोघेही हमालांसकट धरले गेले. आता हमालांच्या घोंगड्या बादशाही शिपायांच्या अंगावर होत्या, भाताच्या पोत्यांत तलवारी होत्या, आणि दोराला मागे बांधलेल्या जावजीच्या पाठीशी कट्यार लावून खुद्द सरदार मुनव्वरखान चालणार होता.

"नाईक," खान म्हणाला. दख्खनेतच वाढल्याने त्याची मराठी साफ होती. "ही वाट अंधारात चढवत नाही, असं आपणच सांगितलंत. ठीक, उजेडी जाऊ. वरच्या पहाऱ्याला धान्य दिसावं आणि आपण दिसावं. भाऊ जिवंत हवा असेल, तर याउपर काही दिसू नये."

सुभानजीने मान हलवली. दुसरे करणार तरी काय? आई गेल्यावर जावजीला त्यानेच अंगाखांद्यावर वाढवले होते. आणि नाळेच्या माथ्यावर आज पहाऱ्याला उभा होता तो या दोघांचा बाप, देवजी नाईक.

उजेडी चढ तसा बिकट नव्हता. एरवी गाणी म्हणत चढावा, दुपारच्या आत माथा गाठावा, असा. पण आज दोन्ही बाजूंचे काळे कडे पावलागणिक जवळ सरकत होते. खांब रचून ठेवावेत तशा उभ्या चिरांचे पाषाण डोक्यावर झुकले होते, आणि वर आभाळाची एक चिंधी तेवढी उरली होती. पुढे गड बुडत होता, मागे भाऊ मरत होता, आणि बाजूला सरकायला हातभर जागा नव्हती. एकदा त्याला वाटले, पाय निसटल्याचे सोंग करून दरीत उडी घ्यावी. मग आठवले, की दोराच्या दुसऱ्या टोकाला जावजी आहे. भोळ्या माणसाला कोंडीत धरायला दुनियेत फार अक्कल लागत नाही, आणि खानाला तर ती भरपूर होती.

नाळेच्या मध्यावर, तांबड्या मातीच्या पट्ट्याशी, वाघजाईचा तांदळा, शेंदूर माखलेला धोंडा, होता. शेजारच्या झऱ्याचे ओंजळभर पाणी तिला घातल्यावाचून गडाचा माणूस पुढे पाऊल टाकत नसे. घरात सुतक असले, तरच तो लांबून जाई. ही जागा माथ्यावरून स्वच्छ दिसे.

सुभानजीचे पाय तिथे थबकले.

"काय असेल ते करा," खान हलकेच म्हणाला. "रोजचा रिवाज चुकवू नका. वरून बघत असतील."

सुभानजीने झऱ्याकडे पाहिले. ढमाल्यांचे सारे गणगोत गडावर होते. तिथे कोणी मेले असते तर ते देवजीला आधी ठाऊक असते. पाणी टाळले, तर म्हातारा काय समजायचे ते समजेल. आणि समजल्यावर काय करील, तेही सुभानजीला ठाऊक होते. नाळेच्या माथ्यावर धोंडे रचून ठेवले होते ते शोभेसाठी नव्हते. आपल्या बापाच्या हातून हे करवायचे?

"पाणी घालता येत नाही, खानसाहेब," तो म्हणाला. "आम्हांला सुतक आहे. सुतकात देवीला शिवलो, तर वरच्यांना संशय येईल."

"कुणाचं सुतक?"

उत्तर मागून आले.

"भावाचं, सरकार," जावजी म्हणाला. "सख्ख्या भावाचं."

सुभानजीने वळून पाहिले. जावजीचा चेहरा शांत होता. सारे कळून तो बोलला होता.

"अल्ला त्याला जन्नत देवो," खान अदबीने म्हणाला. दुसऱ्याच्या धर्माचा मान राखण्यात त्याची ख्याती होती. "चला."

पाणी न घालता दोघे भाऊ वाघजाईपुढून गेले. वर कड्याच्या काठावर एक पांढरे मुंडासे बराच वेळ निश्चल होते. मग ते दिसेनासे झाले.

पहिला धोंडा गडगडला, तेव्हा नाळ आतून हादरली. शिपाई मागे फिरायला गेले, पण मागच्यांना वळायला जागाच नव्हती. "दादा, कपारीत!" जावजी ओरडला आणि त्याने सुभानजीला कड्याच्या पोकळीत ढकलले. ती एकाच माणसाला पुरेल एवढी होती. खानाची कट्यार जावजीच्या बरगडीत उतरली, तरी तसाच वळून त्याने दोन्ही हातांनी खानाला मिठी घातली आणि वाटेतच घट्ट रोवून उभा राहिला. दोर ताणला गेला. मग धोंड्याखाली तुटून सैल झाला.

तो हल्ला तिथेच मोडला. सरदाराविना उरलेल्या फौजेने होळीपूर्वी वेढा उठवला, आणि किल्लेदार हैबतराव शितोळ्यांनी देवजी नाइकांसाठी सोन्याचे कडे काढले.

पण ते मागाहून. त्या दुपारी सुभानजी एकटाच माथ्यावर पोचला, तेव्हा किल्लेदार धावत आले होते, लोक जयजयकार करत होते, आणि म्हातारा धोंड्यांच्या मोकळ्या जागेत बसून होता. हात रक्ताळलेले. त्याने पोराचे तोंड चाचपून पाहिले, पुन्हा पाहिले.

"मी दोघांनाही मारलं होतं रे," देवजी म्हणाला. "दोघांचीही नावं घेऊन लोटले धोंडे. तू कसा आलास?"

"मला जावजीनं ठेवलं, आबा."

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग इतका वेळ रोखून धरलेला हंबरडा त्याने फोडला, आणि त्याला आवरायला किल्लेदारांसकट कोणी पुढे झाले नाही.