तोरणमाळच्या आरशात

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी माझ्या भावाचा उजवा हात बघावा.

तो कोपरातून अजून सरळ होत नाही.

मी यामिनी. शहाद्याला शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण २०२२ च्या डिसेंबरातल्या अमावास्येला तोरणमाळच्या पठारावर जे झालं, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

माझा मोठा भाऊ हेमकांत. आम्ही ब्राह्मणपुरीचे. घरी केळी आणि ऊस. दादाला मात्र लहानपणापासून आकाशाचं वेड. पुण्यात शिकला, मुंबईत डॉक्टरेट केली, मग काही वर्षं आफ्रिकेच्या वाळवंटात एका मोठ्या दुर्बिणीवर होता. विषय एकच... गॅमा किरण. तारा फुटतो, त्यातून हे किरण निघतात. ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वर हवेवर आदळतात, तेव्हा निळसर प्रकाशाची एक बारीक चमक उठते. आपल्या डोळ्यांना ती दिसतही नाही. ती पकडायला मोठे आरसे लागतात आणि गडद काळोख लागतो.

तो काळोख दादाला आपल्याच जिल्ह्यात सापडला. तोरणमाळला.

त्याच्या संशोधन संस्थेने त्याला सांगितलं होतं, की तिथली निरीक्षणं चांगली आली तर नवी दुर्बीण तिथेच उभी राहील आणि प्रमुख तूच असशील. उभ्या आयुष्यात त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं.

पठाराच्या कडेला दलसिंग पावरा यांचं पडीक रान होतं. तिथे दादाने चाचणीसाठी एक सांगाडा उभा केला. त्यावर परातीएवढे गोल आरसे आणि समोर चार मीटरवर कॅमेरा. जागा देताना दलसिंग एवढंच म्हणाले होते, की आमची म्हातारी माणसं इथे ढोरं बांधत नसत. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी मीही वर गेले होते. दुपारी दादाने मला आरशांची गंमत दाखवली. आरसे आतून खोलगट होते. लांब उभं राहिलं की आपण उलटे दिसायचो, डोकं खाली, पाय वर. अगदी जवळ गेलं की एकदम सरळ. आणि अवाढव्य.

"लांबनं उलटं, जवळनं सरळ," दादा हसत म्हणाला. "एवढं ध्यानमा ठेव, तुन्ही पोरीसले शिकाडाले कामात यी."

दिवस मावळला. थंडी पडली. आरशांवर दव धरायला लागलं.

दादा कॅमेऱ्यापाशी लाल बॅटरी घेऊन उभा होता. मी आरशांपाशी, मऊ फडक्याने दव टिपत होते. दलसिंग त्यांच्या झोपडीपुढे शेकोटी पेटवत होते. त्यांचा कुत्रा मघापासून भुंकत होता.

मग तो एकदाच केकाटला...

आणि गप्प झाला.

रातकिडेही थांबले.

वारा होता. सांगाड्यावरची ताडपत्री फडफडताना मला दिसत होती. पण तिचा आवाज येत नव्हता.

काहीच आवाज येत नव्हता.

फक्त एक श्वास... जड, ओलसर. कुठून येतोय, ते कळत नव्हतं.

मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आरशात बघत होता. लाल उजेडात त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"यामिनी," तो अगदी हळू म्हणाला. "हालू नको. मन्हाकडेच देख."

मी हलले नाही.

दादा धावला. सरळ माझ्या अंगावर आला आणि त्याने मला इतक्या जोराने ढकललं, की मी दगडांवर आपटले. त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचा आरसा फुटला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या पुढचा. आतून कोणी हातोडा मारावा तसे.

मी मान वर केली, तेव्हा दादाचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

कोणीतरी त्याला केसांना धरून उचललं होतं.

पण तिथे कोणी नव्हतं.

त्याला खाली आपटलं. पुन्हा उचललं. पुन्हा आपटलं. फुटक्या काचांवरून फरफटत नेलं. त्याचा शर्ट पाठीवर रक्ताने काळा झाला. मग त्याचा उजवा हात मागे वळायला लागला... सावकाश... आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दलसिंग कुऱ्हाड घेऊन धावत आले. त्यांनी दादाच्या वरच्या मोकळ्या हवेवर घाव घातला.

कुऱ्हाड हवेतच अडकली. ओल्या लाकडात रुतावी तशी.

पुढच्या क्षणी ती त्यांच्या हातातून हिसकावली गेली आणि दांडा त्यांच्याच तोंडावर बसला. ते कोसळले.

मी ओरडत होते की नाही, आठवत नाही.

मग रातकिडे पुन्हा वाजायला लागले. ताडपत्रीची फडफड ऐकू आली.

संपलं होतं.

दोघांना मी जीपमध्ये कसं घातलं आणि तो घाट कसा उतरले, देव जाणे. निघताना कुत्रा दिसला. त्याची मान पूर्ण मागे फिरली होती.

पोलिसांनी अस्वलाचा हल्ला लिहून घेतला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की अस्वलाची नखं लागतात. दादाच्या मानेवर बोटं उमटली होती.

बरा झाल्यावर दादाने संस्थेला कळवलं, की जागा योग्य नाही. तिथल्याइतकं स्वच्छ आकाश त्याला कुठेच मिळालं नव्हतं, हे मला माहीत होतं. पुढे त्याने ते संशोधनच सोडलं. आता शहाद्याला कॉलेजात शिकवतो. मी खोदून विचारलं, तेव्हा एकदाच म्हणाला, की आरशात माणूस दिसला.

"उलटा?" मी विचारलं.

"सरळ."

मला वाटलं, दादा स्वतःच्या जिवाला घाबरला. मनातून मी त्याच्यावर थोडी रागावलेही होते.

गेल्या महिन्यात दलसिंग बाजारात भेटले. तोरणमाळ सोडून ते आता खाली मुलीकडे राहतात. पुढचे दात गेलेत, बोलणं नीट कळत नाही. मी म्हटलं, त्या रात्री जे काही आलं, त्याने दादाचं आयुष्यच मोडलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ताई, मला तो आरशात दिसला होता. दादावर नव्हता आला तो," ते म्हणाले. "तुमच्या मागे उभा होता. हात तुमच्या मानेपाशी. दादा मधे घुसले."

मी घरी आले. सरळ दिसतो तो आरशाजवळचा, आणि त्या रात्री आरशांपाशी मी होते.

दादा दर अमावास्येला आमच्याकडे जेवायला येतो. मी याला योगायोग समजत होते.

काल अमावास्या होती. तो आला. जेवण झालं, बोलत बसलो. बोलता बोलता तो मधेच थांबला. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला.

मग अगदी हळू म्हणाला, की खुर्ची सरकव आणि भिंतीला पाठ टेकून बस.

मी बसले.

तो पहाटेपर्यंत गेला नाही.