दहा हजार सात रोपं

सणसरला मामांच्या नर्सरीत मी बिलं करत होते, तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. कळसचा अविराज. झुपकेदार मिशी, धुळीनं माखलेला शर्ट, आणि नजर… जरा जास्तच वेळ थांबणारी. सोबत त्याचे चुलते, आबाजी. कलिंगडाची दहा हजार रोपं मोजून झाली, वर मामांनी हौसेनं सात घातली.

आबाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही सात काढा. ओळी सारख्या बसायच्या न्हाईत. बाया ओळी वाटून घेत्यात, एकीला जास्त आली की दिवसभर भांडाण."

मी बी.एस्सी.ला गणितात पहिली. तोंड आवरलं नाही. "बसतात की, आबा! त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस रोपं."

"कागूद न घेता?" अविराज हसला.

"ज्याला लागतो त्यानं घ्यावा."

"न्हाय बसायची, पोरी," आबाजी म्हणाले.

"बसत्यात," अविराज माझ्याकडंच बघत म्हणाला. "न्हाय बसली तर मिशी उतरवतो, आबा."

चार दिवसांनी काउंटरसमोर एक गुळगुळीत चेहरा येऊन उभा राहिला. ओळखायला क्षण गेला.

"सहा उरली," तो हळूच म्हणाला.

आणि मी काय म्हणावं? "तुम्हीच मोजायला चुकला असाल."

"असंल…" एवढंच बोलून तो गेला.

मग मी बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस — दहा हजार एक! कॉलेजात पाठ केलेलं उत्तर मी भलत्याच आकड्याला चिकटवलं होतं. दोन, तीन, पाच, सात… सत्त्याण्णवपर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकशे एकचा वर्ग आकड्याच्या पुढं जातो, म्हणून तिथं थांबले. दर वेळी बाकी उरली. एक आणि तो स्वतः. दहा हजार सातला भागणारं तिसरं कुणी नव्हतंच. कान तापले. चुकीपेक्षा माझं ते वाक्य जास्त टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कळस गाठलं. रानात दहा-बारा बाया, बांधावर आबाजी. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "आबा, चूक माझी. ती मूळ संख्या आहे. सारख्या ओळी बसणारच नाहीत… एकच लांब ओळ केली तर गोष्ट वेगळी."

"मग करू की एकच ओळ, पार इंदापूरपतुर!" एक बाई म्हणाली, तशा बाकीच्या खदखदल्या. आबाजी मात्र पुतण्याकडं बघत राहिले. "पण ह्यो तर म्हणला, मोजायला मीच चुकलो."

मला मान वर करवेना. अविराज ड्रिपची नळी ठेवून जवळ आला.

"खोटं का बोललात?" मी पुटपुटले.

"रोपं नेली त्या सांजंलाच भागाकार केला. कळलं, ह्यो आकडा फुटायचा न्हाय."

"मग मिशी का…?"

"शब्द मी दिलता. अन् सांगितलं असतं तर नाव तुमचं गेलं असतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. डोळे भरून आले. "मी तुम्हालाच चुकीचं ठरवलं… आणि तुम्ही…"

"ऱ्हाऊ द्या ओ."

"नाही. मला न विचारता पुन्हा असं माझं नाव वाचवायचं नाही."

"मग… इचारून?"

बाया ऐकत होत्या. आबाजी उगाच ढेकळं बघत होते. मान खालीच ठेवून मी म्हणाले,

"विचारून… जन्मभर चालेल."