चौथ्या बाजूची कुऱ्हाड

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि आमच्याच घरातल्या माणसांच्या बाबतीत घडलंय.

वेल्समधला कार्डिगनशर परगणा. ऑक्टोबर १९५८. भर दुपारी तीन वाजता.

माझे काका, इथेल, परगण्याच्या कौन्सिलचे मोजणीदार. डोंगरातला रस्ता रुंद करायचा होता आणि बेसी मॉर्गनची झोपडी आडवी येत होती. मोजणीची साखळी धरायला काकांनी धाकट्या भावाला नेलं होतं. हायवेल. माझे वडील.

ऐंशीची बेसी उंबऱ्यात उभी होती.

"मावशी, तीन बाजूंना हद्दीचे दगड आहेत. रस्त्याकडे काहीच नाही. तिथे भिंतीपर्यंत जमीन कौन्सिलची," काका म्हणाले.

"असं कसं रे? माझ्या पणज्यानं एका रात्रीत हे घर उभं केलं. पहाटे धुराड्यातून धूर काढला, म्हणजे घर आपलं; मग दारातून कुऱ्हाड फेकायला लागला. पडेल तिथपर्यंत जमीन आपली, हाच रिवाज. तीन बाजूंना फेकून झाली, अन् जमीनदाराची माणसं आली. याच उंबऱ्यावर त्याचा हात तोडला त्यांनी."

"म्हणजे चौथी फेक राहिलीच की!" वडील हसले. "बोलवा म्हाताऱ्याला. हा बघा, मी उभा आहे समोर!"

बेसी हसली नाही. "इथेल, त्याला तिथून हलव."

काकांनी तिचं न ऐकता हातानं खूण केली. "अजून मागे जा रे, हायवेल!"

वडील साखळी ओढत मागे गेले.

मेंढरं गप्प झाली...

ओढ्याचा आवाज थांबला... पाणी मात्र वाहत होतं.

काकांच्या पाठीमागे, दारातून, कुणीतरी जोर लावताना कण्हलं...

त्यांच्या कानाजवळून काहीतरी घोंघावत गेलं.

खच्च!

वडिलांचा खांदा छातीपर्यंत फाटला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही त्यांना. काकांनी धावत जाऊन दोन्ही हातांनी जखम दाबली. रक्त थांबेना. बोटांमधून उसळून ते काकांच्या तोंडावर उडत होतं.

मग थांबलं.

बेसी काठी टेकत आली. काकांच्याच पिशवीतली हद्दीची खुंटी काढून तिनं वडिलांच्या पायाशी टेकवली.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

पोलिसांनी झोपडी पिंजून काढली. कुऱ्हाड सापडली नाही. बेसीला तर चहाची किटली उचलायलाही दोन हात लागायचे.

नकाशावर चौथी हद्द काकांनीच काढली. बेचाळीस पावलं.

मरायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. "ती तिथेच पडणार होती का गं? की मी त्याला तिथे उभं केलं म्हणून पडली?"



रस्ता अजून तिथे वळसा घालून जातो. मी त्या वळणावर कधीच गाडी थांबवत नाही.