शनिवारची स्वस्त खोली

डबीतून हाराऐवजी दोन कुलपं निघाली.

जुनी, पितळी, एका मोज्यात गुंडाळलेली. मुलीने मोजा उलटा केला तशी ती पलंगावर खणकन पडली. आईला सहलीत घालायचा म्हणून हार काढायला घेतला होता. आई, मुलगी, जावई, थोरला मुलगा आणि आईला सांभाळणाऱ्या नर्सबाई, पाचही जण त्या कुलपांकडे असे बघत राहिले, जणू आता तीच तोंड उघडून काय ते सांगतील.

आत्याला फोन गेला तेव्हा नऊ वाजले होते.

"आत्या, लगेच ये. आईचा हार गेलाय. दादा बारा वाजता पोलिसांना बोलावणार आहे."

"कुणाला धरायला?"

"नर्सबाईंना."

आत्याने चप्पल पायात सरकवली. तिची तीस वर्षं हॉटेलांच्या काउंटरमागे गेली होती, त्यातली अकरा तर कॅसिनोंच्या त्या शहरात, जिथे ही मंडळी शनिवारी जाणार होती. पाहुणा बॅग खाली ठेवायच्या आत ती ओळखायची, म्हणे, हा जाताना टॉवेल नेणार की उशी. एका गृहस्थाला तिने दारातच सांगितलं होतं, "साहेब, आमची गादी लिफ्टमध्ये मावत नाही." तो बिचारा ओशाळून दुसऱ्या हॉटेलात उतरला.

घरात जेवणाच्या टेबलावर नर्सबाईंची बॅग रिकामी केलेली होती. दोन पांढरे पोशाख, रक्तदाब मोजायचं यंत्र, कंगवा, अर्धी झिजलेली साबणाची वडी. बाकी ज्या गोष्टी बाईमाणूस चारचौघांत दाखवत नाही, त्याही तिथेच. नर्सबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कामाला लागून त्यांना तीन आठवडे झाले होते.

"बाई, हे कुणी काढलं?" आत्याने विचारलं.

"मी," थोरला म्हणाला. "हार मिळाला नाही. बाहेर पोचवला असणार. बारापर्यंत आणून दिला तर ठीक, नाहीतर पोलीस. यांना पाठवणाऱ्या ब्युरोला फोन करून झालाय माझा."

"करूनही झाला?"

"असल्या माणसांना दुसऱ्या घरी पाठवू नका म्हटलं. चुकलं काय?"

नर्सबाईंनी मान वर केली. "आत्याबाई, ब्युरोने नाव काढलं की या गावात मला कोणी दारात उभं करत नाही. मी हार बघितलेलासुद्धा नाही."

थोरला घरातला न्यायाधीश. लहानपणी बहिणीच्या हातात पत्ते दिसले तर तो ते कात्रीने कापायचा, एकेक पान चार तुकडे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार कारखान्याची यंत्रं तपासायला बाहेरगावी जायचा. त्याची बायको वर्षापूर्वी माहेरी गेली ती परत आली नव्हती, आणि का, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. या सहलीलाही त्याचा पहिल्यापासून विरोध. त्या शहराचं मला तोंडही बघायचं नाही, म्हणाला होता. आता तर ती रद्दच करा म्हणत होता.

आत्या आईजवळ पलंगावर बसली. "वहिनी, हार शेवटचा कधी पाहिला?"

"पाहिला वर्षापूर्वी. डबीची कडी मला उघडत नाही, बोटं वाकलीत. पण दर शुक्रवारी कपाटातून डबी काढते आणि हातात धरून बघते. वजन लागलं की ठेवते."

"कपाटाची किल्ली?"

"उशीखाली. सगळ्यांना माहीत आहे."

आत्याने कुलपं तळहातावर तोलली. मोज्यात घातली, पुन्हा तोलली. मग हलवून पाहिली. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

बाहेरच्या खोलीत जावई थोरल्याच्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्याला सगळे सवलतराव म्हणत. एका दुकानात दोनावर एक फुकट होतं, तर ते दोन न घेता फक्त फुकटचा एक द्या म्हणून त्याने इतका घोळ घातला, की संध्याकाळी मालकाने दुकान विकायला काढलं, आणि सवलतराव त्याचाही भाव पाडायला बसला. ही सहल ठरली तीही त्याने खोल्या कवडीमोलात मिळवल्या म्हणून.

"काय मेहनत घेतली होती, आत्याबाई," तो कण्हला. "काल संध्याकाळी आलो, तेव्हा मेहुणे आईंना घेऊन डॉक्टरकडे गेले होते. म्हटलं बसल्या बसल्या काम उरकू. तीन खोल्या. शनिवारच्या."

"शनिवारच्या?" आत्या थांबली. "त्या शहरात मंगळवारी खोली स्वस्त मिळते, बुधवारी मिळते. शनिवारी उंदराच्या बिळाचंही भाडं दुप्पट असतं."

"फोनवर मलाही चौपट दाखवत होते. पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? या कॉम्प्युटरवर बघितलं, तर त्याच हॉटेलात तीच खोली जवळजवळ फुकट. साइट फोनवाल्यांना लुटते आणि कॉम्प्युटरवाल्यांना घाबरते. कोणाला सांगू नका."

"दाखवा बरं. माझ्यासाठी एक घ्या."

सवलतरावाचा चेहरा उजळला. हॉटेलचं पान उघडलं. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं: सन्माननीय सदस्य, आपलं पुन्हा स्वागत.

"हे काय?"

"मस्का. साइट सगळ्यांनाच लावते." त्याने स्वतःचं नाव टाकलं, बटण दाबलं. "झाली. पैसेही तिथे गेल्यावर द्यायचे."

जेवणाच्या टेबलावर थोरल्याचा फोन वाजला. त्याने पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"तुमच्या फोनवर काही आलं नाही ते?" आत्याने सवलतरावाला विचारलं.

"येईल. कालच्या तिन्हींचंही यायचंय. साइट जरा आळशी दिसते."

"नर्सबाई या कॉम्प्युटरला हात लावतात?"

"छे. मला पासवर्ड मेहुण्यांकडून फोनवर घ्यावा लागला. आईंच्या गोळ्यांची यादी छापायची आहे म्हटलं."

आत्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. त्या सोनेरी अक्षरांची तिला चांगली ओळख होती. अकरा वर्षं ती अक्षरं पाहिली की ती उठून उभी राहायची आणि हसायची, कारण तसं हसायचा हुकूम होता.

साडेअकराला तिने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. वहिनींना नर्सबाईंनीच खुर्चीत आणून बसवलं. त्या या घरात चोर ठरल्या होत्या, पण वहिनींना उचलायचं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

"आत्या, नाटक नको," थोरला म्हणाला. "पोलिसांना फोन लावतो."

"लाव. फक्त आधी दोन प्रश्न. चोरी करणारा हार उचलतो आणि चालू लागतो. त्याच्या जागी बरोबर तेवढंच वजन कोण ठेवेल?"

"चोरी उशिरा कळावी म्हणून कोणीही."

"तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या बाईला उशिराने काय फायदा? ती दुसऱ्या दिवशी काम सोडून गेली असती. वजन तो ठेवतो ज्याला याच घरात राहायचंय. आणि ज्याला वाटतं, हार परत आणून ठेवू, कुणाला पत्ता लागणार नाही. पुढच्या शनिवारी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

थोरल्याने हातातला फोन खिशात टाकला.

"दुसरा प्रश्न. जावईबापूंना शनिवारची खोली फुकटात कशी मिळाली?"

"हुशारी," सवलतराव म्हणाला.

"तुमची नाही, हॉटेलची. त्या शहरात खोल्या फुकट देतात, पण कोणाला? जो खाली टेबलावर हरतो त्याला. एकदा हरणाऱ्याला ते कॉफी पाजतात. वर्षानुवर्षं हरणाऱ्याला सदस्य करतात, शनिवारची खोली देतात, आणि तो दारात दिसला की माझ्यासारखीला उभं राहून हसायला लावतात. मी हसलेय अशा लोकांकडे बघून. त्यांच्या बोटांतल्या अंगठ्या एकेक कमी होताना बघितल्यात." तिने पडद्याकडे बोट केलं. "हे पान जावईबापूंना ओळखत नाही. या कॉम्प्युटरवर जो रोज बसतो त्याला ओळखतं. जावईबापू, इथून सदस्याला बाहेर काढा आणि पुन्हा भाव बघा."

सवलतरावाने क्लिक केलं. सोनेरी अक्षरं गेली. भाव चौपट झाला. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"कॉम्प्युटरवर कोणीही बसू शकतं," थोरला म्हणाला.

"म्हणून तर फोन आहे. जावईबापू, मघाचं पान अजून उघडं आहे ना मागे? माझ्यासाठी खोली घेतलीत, ती तिथून रद्द करा."

"फुकटची खोली रद्द करू?" सवलतरावाने हे अशा सुरात विचारलं, जणू कोणी त्याला बोट कापून द्यायला सांगितलंय.

"पान सदस्याचा पासवर्ड मागतंय," तो मग म्हणाला.

"असं म्हणता. मग रद्द करायला हॉटेललाच फोन लावते." आत्याने नंबर लावला, पडद्यावरचा बुकिंगचा क्रमांक सांगितला, जुन्या सवयीने दोन गोड वाक्यं बोलली. "रद्द झाली. मेसेज सदस्याच्या फोनवर पाठवताहेत."

थोरल्याच्या खिशात फोन वाजला.

बहिणीने हात पुढे केला. त्याने फोन दिला नाही. तिने तो खिशातून काढून घेतला आणि मोठ्याने वाचला. सन्माननीय सदस्य, आपली एक खोली रद्द झाली, तीन खोल्या कायम आहेत. वर मघाच्या खोलीचा मेसेज आणि कालचे तीन होते. त्याच्या वर गेल्या महिन्याचे, त्याच्या आधीच्या महिन्याचे. यंत्रं तपासायच्या प्रत्येक शनिवारचा एक.

"दादा, म्हणून तुला सहल नको होती? काउंटरवर तुला नावाने हाक मारली असती म्हणून?"

"सहा महिन्यांत गहाणातून सोडवून आणणार होतो हार," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "एक चांगला शनिवार लागला असता तर."

"आणि लागला नाही तेव्हा ही बाई सापडली."

आत्या वहिनींकडे वळली.

"वहिनी, वजन बरोबर होतं. पण कुलपं खणखणतात, मोज्यातसुद्धा. दर शुक्रवारी डबी तुमच्याच हातात असायची."

वहिनींनी पदर नीट केला. "माझा मुलगा आहे तो."

"आणि ही?"

"हिला काय, ब्युरो दुसरं घर देईल असं वाटलं."

नर्सबाई टेबलाशी गेल्या आणि बॅग भरू लागल्या. आधी ते कपडे, जे चारचौघांत दाखवत नाहीत. मग पोशाख. मग यंत्र.

आत्याने थोरल्याच्या हातात फोन कोंबला. "ब्युरो. आत्ता. सगळ्यांसमोर."

त्याने फोन लावला. "सकाळची तक्रार चुकीची होती. बाईंचा दोष नाही. हो. नाही, वस्तू... घरातच होती." आत्याने डोळे वटारले. "मीच नेली होती," तो पुटपुटला. पलीकडची बाई काही वेळ बोलली. त्याने फोन खाली ठेवला. "नोंद करून घेतो म्हणाल्या. पण एकदा तक्रार आली की तीन महिने काम देत नाहीत. नियम आहे. आपण तुम्हालाच ठेवून घेऊ, बाई. पगार वाढवून."

"झालं गेलं विसरा," वहिनी म्हणाल्या. "जरा मला आत न्या. कधीची बसलेय."

नर्सबाईंनी बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. त्यांनी शांतपणे मागे घेतली, पुन्हा ओढली.

"तीन महिने मी काय खाणार, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तरी सांगून जाते. आजींना उजव्या बाजूने धरू नका, गुडघा निखळतो. काखेत हात घालून, आधी पुढे झुकवून मग उठवायचं. घाई केलीत तर पडतील."

त्या आत्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "येते." जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली नाहीत.

"अरे, कोणीतरी उठवा मला," वहिनी म्हणाल्या.

थोरला पुढे झाला आणि उजव्या बाजूला उभा राहिला. मग डावीकडे गेला. हात कुठे घालायचा ते त्याला कळेना.