पलीकडच्या खाटेवरून

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडणार होते, म्हणून शिंपीणबाई धुतलेले कपडे घेऊन संध्याकाळी दवाखान्यात आली. हात रिकामा ठेवायची तिला सवय नव्हती. खाटेशेजारी बसून ती सदऱ्याचं सैल बटण पक्कं करू लागली.

नवरा सुतार. माळ्यावरून पडला, डोक्याला मार लागला आणि शुद्धीवर आला तो कोरी पाटी होऊन. तिने पाणी दिलं की म्हणायचा, "आभारी आहे, बाई."

तेवढ्यात वीज गेली. अंधारात फिनेलचा वास आणखी दाट झाला. कुणाच्या तरी प्राणवायूच्या नळीतून हवा फुसफुसत होती.

"चिमणे..."

तिची सुई थांबली. या नावाने तिला फक्त नवरा हाक मारायचा, तीही दार लावल्यावर. पण नवरा तर समोर गाढ झोपलेला. हाक पलीकडच्या खाटेवरून आली होती. तिथे एक ट्रकड्रायव्हर होता. मेंदूज्वरातून उठल्यापासून तिच्यासमोर चकार शब्द न बोललेला.

"पाळणा जाळला असं आपण सगळ्यांना सांगितलं," तो हळूच म्हणाला. "मी त्याचं फडताळ केलं. लेक गेल्यावर तुला ते लाकूड घराबाहेर जायला नको होतं..."

हे त्या दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मला आठवतंय. आपलं सगळं माझ्यापाशी आहे. त्याच्यापाशी काय उरलंय? मला घरी ने..."

गळा परका, पण बोलायची ढब थेट नवऱ्याची. किती दिवसांत तिला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. ती उठली. तिची पावलं त्या खाटेकडे वळलीही.

मग तिला व्हरांड्यातल्या संधिप्रकाशात ड्रायव्हरची बायको दिसली, मांडीवर डबा घेऊन बसलेली. सकाळीच ती डोळे पुसत म्हणाली होती, "हे मलाच विचारतात, तुम्ही कोण."

"तुमची बायको बाहेर बसलीय," शिंपीणबाई म्हणाली. "तुम्ही तिचे. माझा माणूस हा."

"त्याला तू कोण हेही माहीत नाही, चिमणे..."

"मला माहीत आहे. तेवढं पुरे."

डॉक्टरांशी हुज्जत घालून तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला घरी नेलं. फाटकापर्यंत मागून हाका येत राहिल्या. तिने मान वळवली नाही.

मग तिने कंबर कसली. शिवता शिवता ती त्याला रोज त्याचंच आयुष्य सांगायची. तो मन लावून ऐकायचा. रंधा धरायला नव्याने शिकला, हसू लागला, जेवण अळणी झालं की कुरकुरू लागला. लोक म्हणाले, गडी माणसात आला.

एका दुपारी ती सांगत होती, "या घरात आलो त्या दिवशी छत गळत होतं. तुम्ही बादली शोधत होतात आणि मी आपली हसत सुटले..."

लाकूड घासता घासता तो थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला स्वतःहून काहीतरी आठवत होतं.

"हसली ती दुसरी," तो मायेने म्हणाला. "तू नव्हतीस. तू नंतर आलीस."

मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं.

"आले असेन," ती म्हणाली. "आता जाणार नाही."

आणि तिने पुन्हा शिवायला घेतलं. पण तो दिवस तिला आता वेगळाच, लख्ख आठवू लागला. गळकं छत. बादली. आणि ती हसणारी बाई, केस ओलेचिंब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी... हसता हसता एकदम थांबून शिंपीणबाईकडे बघणारी.