चौथ्या मजल्यावरच्या मुंग्या

१७ नोव्हेंबर. सकाळपासून आभाळ भरून होतं, पण थेंब नव्हता. वारा इतका पडलेला, की समोरच्या इमारतीतलं खोकणंही ऐकू यावं.

केबलवाला जेवण उरकून चौथ्या मजल्यावरच्या तक्रारीवर गेला. दार उघडताच बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला.

“या! तुमच्या ऑफिसात फोन केला की गाणं वाजतं. ते आता मला चालीसकट पाठ झालंय. टीव्हीवर मात्र मुंग्याच.”

“त्या घालवायलाच आलोय, ताई.”

“मागचाही हेच म्हणाला होता. टीव्हीला दोन चापट्या मारून गेला.”

आत तिचे वडील उशांना टेकवून बसवलेले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती, हातही उचलत नव्हते. दुपारी जुने सिनेमे लागले की तेवढ्या वेळातच ते घास घेत. एरवी ओठ गच्च. बायको होती तोवर दोघं मिळून ते सिनेमे बघत. परवा चित्र गेलं, आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

“आज खाल्लं नाही तर दवाखान्यात नेऊन नळी घालणार आहेत,” ती हळूच म्हणाली. टोमणे कुठल्या कुठे गेले होते.

“मी गच्चीवर जातो,” केबलवाला म्हणाला. “तुम्ही खिडकीशी थांबा. मी विचारेन, तुम्ही सांगा.”

सिग्नल वाढवणारा डबा गच्चीच्या कठड्यालाच ठोकलेला होता. झाकण काढताच गंजाचा आणि कुबट धुळीचा वास नाकात बसला. त्यानं वायरीचा जोड घासून साफ केला, स्क्रूला पेचकस लावला आणि वाकून हाक दिली, “आलं का?”

“आलं... पण मुंग्या आहेत.”

“आता?”

“जास्त झालं... जरा मागे घ्या.”

आवाज दमलेला, पण शांत होता. त्याला बरं वाटलं. नाहीतर लोक नुसतं ‘नाही, नाही’ करत राहतात. अर्धा दिवस त्यातच जातो.

“आता?”

तो कठड्यावरून आणखी वाकला. मग अगदी खिडकीला तोंड लावून बोलल्यासारखं,

“पुरे... ह्यांना दिसतंय.”

हात पुसत तो जिना उतरला. दाराशी पोहोचला तर बाई खालून धापा टाकत वर येत होती. एका हातात औषधाचं पाकीट, दुसऱ्या हातात किल्ली.

“खोळंबलात ना? तुम्ही वर गेलात आणि औषधवाल्यानं खालूनच हाका मारल्या. स्वारीला जिना चढवत नाही!”

“मग... घरात कोण होतं?”

“बाबा. आणखी कोण? कुलूप लावून गेले होते मी.”

त्याच्या मानेवर काटा आला. “पण मला आतून... सांगत होतं कुणीतरी.”

पाकीट तिच्या हातून सुटलं. “बाबा बोलले? खरंच बोलले का हो?”

आवाज बाईमाणसाचा होता. हे शब्द त्याच्या ओठांवर आले, आणि तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळले. “आधी आत तर चला.”

चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. म्हातारबाबा टक लावून बघत होते, तोंड पाखराच्या पिलासारखं उघडं. बाई एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसली. केबलवाल्याचाही जीव भांड्यात पडला.

“आले हं, बाबा,” म्हणत तिनं स्टुलावर झाकून ठेवलेल्या सुपाच्या वाटीकडे नेलेला हात तिथेच थांबला. झाकण काढून नीट बाजूला ठेवलेलं होतं. चमचा ओला होता. वाटी अर्धी रिकामी होती.



उरलेली अर्धी वाटी वडिलांनी तिच्या हातून संपवली. दवाखान्याला नळी नको म्हणून कळवलं. तक्रार त्याच दिवशी बंद झाली.