रुचिकाच्या लग्नाची सँडल

“लग्न हॉलमध्ये आहे की लॉनवर?”

सँडलच्या दुकानात असा प्रश्न येईल, असं उन्नतीला वाटलं नव्हतं.

“लॉनवर. काहून?”

“मग ही टोकदार टाच विसरा, मॅडम. गवतात रुतते. नवरी एक पाय काढते तोवर दुसरा फसते... आणि फोटोग्राफर म्हणते, जरा हसा!”

उन्नती हसली. किती दिवसांनी, ते तिलाच आठवलं नाही. बाहेर धरमपेठेवर फेब्रुवारीचं मळकट आभाळ उतरलं होतं, बारीक पाऊस लागला होता. आत तो खाली बसून तिच्या पावलाचं माप घेत होता. नाव दुर्गेश. घरचा हातमाग बंद पडल्यावर त्यानं हे छोटं दुकान टाकलं होतं.

“नवरदेव किती उंच आहे?”

“मोजलं नाही.”

“पाहिलं तर आहे ना?”

“पाहिलं... दुरून.”

ते खरंच होतं. नवरदेव तिच्या धाकट्या बहिणीचा, रुचिकाचा होता. रुचिका पुण्यात नोकरीला. लग्नाच्या दोन दिवस आधी येणार. दोघींच्या पायाचं माप एकच, म्हणून सँडल घ्यायला उन्नती कोराडीच्या कॉलनीतून बसनं आली होती. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, “नवरीचा चेहरा असा उतरलेला नको, मॅडम. तुमचा दिवस आहे.”

तिनं काही न सांगता दुसरा पाय पुढं केला.

मागच्या वर्षी तिचं साक्षगंध होऊन, अंगठ्या घालून झाल्यावर लग्न मोडलं होतं. तेव्हापासून कॉलनीतल्या बाया तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात बोलायच्या. इथं कुणीतरी तिला मोठ्यानं नवरी म्हणत होतं...

सोनेरी पट्ट्यांची, रुंद टाचेची सँडल ठरली. “रोज अर्धा तास मोजे घालून घरात फिरा,” दुर्गेशनं समजावलं. “मग स्टेजवर तीन तास उभं राहिलं तरी त्रास नाही. चावली तर घेऊन या. रागावू नका तिच्यावर.”

ती चावलीच. चौथ्या दिवशी उन्नती टाचेवर फोड घेऊन आली. त्यानं आतून मऊ पट्टी लावली. तीन दिवसांनी करंगळीपाशी घट्ट वाटली. त्यानं ती साच्यावर ताणून ठेवली आणि चहा मागवला.

“तुमचे ते सोबत येत नाहीत कधी?”

“कामात असतात.”

“मी असतो, तर—” तो थांबला. कपाकडे पाहू लागला. “साखर कमी आहे का हो?”

“नाही... बरोबर आहे.”

बस कोराडीला पोचेपर्यंत ते अर्धं वाक्य तिच्याजवळ बसून होतं. आता सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं, की हाही आवाज हळू करेल...? त्या भीतीत आठवडा गेला.

“ताई, सांगून टाक वं त्याले,” रुचिका फोनवर वैतागायची. “माझं लग्न होऊन जाईल, अन् तू तिथं नवरीच राहशील!”

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा उन्नती पुन्हा गेली. सँडल आता चावत नव्हती. दुकानात तिचं काहीच काम नव्हतं.

“ही माझी नाही,” ती उभ्यानंच म्हणाली. “बहिणीची आहे. लग्न तिचं आहे. माझं... कुठंच नाही.”

दुर्गेशच्या हातातलं फडकं थांबलं.

“मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही मले नवरी समजून राहिले होते. मले ते... आवडून राहिलं होतं.” एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. “आणि तुम्ही पण.”

त्यानं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग बोलला तो नेहमीच्याच आवाजात. हळू नाही, सांभाळून नाही. म्हणूनच ते ऐकणं जड गेलं.

“आई वर्षभरापासून मागं लागली होती. मी टाळून राहिलो होतो. मग तुम्ही आल्या... आणि तुम्ही तर दुसऱ्याच्या. परवा उमरेडला जाऊन आलो. साक्षगंध करून टाकलं, मॅडम.”

“कशी आहे ती?”

“साधी आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसली.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती एक शब्द बोलली असती, तर कदाचित... ते दोघांनाही कळत होतं.

“मग तो शब्द मोडू नका,” उन्नती म्हणाली.

ती दारापाशी पोचली तेव्हा त्यानं विचारलं, “तुमचं नाव तरी सांगा.”

“उन्नती.”

त्यानं ते एकदाच उच्चारून पाहिलं.

बसमध्ये बसते न बसते तोच रुचिकाचा फोन आला. “सांगितलं का वं?”

“सांगितलं.”

“मंग? काय म्हणाला?”

काचेवरून पावसाचं पाणी ओघळत होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“थोडा उशीर झाला वं.”

“ताई, मी उद्याच निघते.”

“अगं, तुझी सुट्टी...”

“राहू दे ते. येऊ ना?”

उन्नतीनं नको म्हटलं नाही.